हीटरचा पंखा आणि अर्धा बटाटा

इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकबाई लेख मागायला आल्या, तेव्हा मी त्यांना सरळ सांगितलं की माझं आयुष्य डॅशबोर्डखाली डोकं घालून गेलंय आणि तिथून जग फार थोडं दिसतं. लोकांचे गुडघे दिसतात, चपला दिसतात, सीटखाली सांडलेले शेंगदाणे आणि हरवलेली पेनं दिसतात. बाई म्हणाल्या, "तेच लिहा." आता लिहायला बसलोय, तर चूक त्यांची.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. फौजेत गाड्यांचा इलेक्ट्रिशियन होतो. शेवटची बदली जयपूरला झाली, पेन्शनही इथेच असताना सुरू झाली, आणि मुलांच्या शाळा मोडायला नकोत म्हणून इथेच राहिलो. झोटवाड्यात पत्र्याच्या एका शेडमध्ये दुकान टाकलं. ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. लोक मला 'फौजी उस्ताद' म्हणायचे. मिलिटरी स्टेशनमधली मराठी कुटुंबं, विमा कंपनीत नाहीतर बँकेत बदलून आलेले आपले साहेब लोक, सगळे गाडी घेऊन माझ्याकडेच यायचे. काम चांगलं होतं म्हणून यायचे की मराठीत भांडता येतं म्हणून, हे मी कधी विचारलं नाही.

दुकानात हॉर्नपासून वायपरपर्यंत सगळं आलं. पण माझा जीव होता तो हीटरच्या पंख्यावर. जयपूरला हीटर कशाला, असं महाराष्ट्रातले पाहुणे हसून विचारतात. त्यांना जानेवारीत पहाटे सीकर रोडवर उभं करावं. दोन महिने अशी थंडी पडते की स्टिअरिंग धरवत नाही. उरलेले दहा महिने मात्र गाडीत हीटर आहे हे कुणाच्या लक्षातही नसतं. होळी झाली की ड्रायव्हर हीटरचा नळ बंद करतात, आणि थेट डिसेंबरात, पहिल्या धुक्याच्या दिवशी, सगळ्यांना एकदम त्याची आठवण होते. त्या आठवड्यात माझ्या दारात रांग लागायची.

ज्यांना गाडीतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिन चालताना तापतं आणि त्यातलं पाणीही तापतं. ते गरम पाणी दोन रबरी पाइपांतून डॅशबोर्डखालच्या एका पत्र्याच्या पेटीत आणलेलं असतं. पेटीत छोटी जाळी असते आणि जाळीमागे छोटा विजेचा पंखा. पंखा हवा ढकलतो, हवा जाळीतून जाताना तापते, थोडी पायांवर येते आणि थोडी पुढच्या काचेवर. एवढाच हीटर. काचेवरची हवा खरी महत्त्वाची, कारण थंडीत माणसाच्या श्वासानं काच आतून धुरकट होते आणि पुढचं दिसेनासं होतं. पंखा बंद पडला तर पाय गारठतात ही तक्रार झाली. काच धुरकटली तर माणूस मरू शकतो.

विमा कंपनीतले एक साहेब होते. हीटर लावला की पेट्रोल जास्त जळतं असा त्यांचा ठाम समज. बायकोला शाल, मुलांना कानटोप्या, स्वतःला मफलर, आणि हीटर बंद. मी त्यांना सांगितलं की साहेब, ते पाणी तसंही तापतं, तुम्ही ऊब नाही घेतली तर ती वाया जाते. त्यांनी गळ्यातला मफलर सोडला. मग म्हणाले, "म्हणजे सात वर्षं आम्ही उगीच कुडकुडलो?" बाईसाहेब मात्र मागच्या सीटवरून त्यांच्याकडे ज्या नजरेनं बघत होत्या, ती मी विसरणार नाही.

दुसऱ्या एका गाडीत पंखा फिरताना खुळखुळायचा. उघडलं तर आत उंदराचं घर. त्यात शेंगांची टरफलं, स्वेटरची लोकर आणि त्याच कुटुंबातल्या एका लग्नाची कुरतडलेली पत्रिका. मालकाला पत्रिका दाखवली, तर तो उंदीर विसरून पत्रिका वाचत बसला. अशी गंमत असायची.

पण आज सांगायचंय ते साठे डॉक्टरांच्या गाडीचं. ही गोष्ट मी आजवर फक्त घरात सांगितली आहे.

डॉक्टर फौजेतून निवृत्त झालेले, वय सत्तरीला आलेलं, सी-स्कीम नावाच्या वस्तीत राहायचे. मुलगा पुण्याला. गाडी जुनी, इंग्लिश बनावटीची, काळी, आणि आवाजाला एकदम गोड. दर गुरुवारी सकाळी सहाला ते स्वतः गाडी चालवत सीकर रोडवरच्या चौमूं गावाला जायचे. तिथल्या धर्मशाळेच्या ओट्यावर बसून दुपारपर्यंत येईल त्याला फुकट तपासायचे. आसपासच्या बायका शेतावर जायच्या आधी पोरं घेऊन येत, म्हणून इतक्या लवकर. मागच्या सीटवर औषधांच्या दोन पेट्या असत, त्यामुळे बस जमायची नाही. ड्रायव्हर ठेवायला ते तयार नव्हते. "ज्या दिवशी मला कुणी दुसरा नेईल, त्या दिवशी मी डॉक्टर नाही, पेशंट," असं म्हणायचे.

साठेबाईंना मी सुरुवातीला मॅडम म्हणायचो. त्यांनी पहिल्याच भेटीत दम दिला, "मॅडम काय हो, काकू म्हणा." मग काकूच. काकूंना गुरुवारचं जाणं कधीच आवडलं नव्हतं. आदल्या हिवाळ्यात डॉक्टरांना न्यूमोनिया होऊन गेला होता. काच धुरकटू नये म्हणून खिडकी उघडी ठेवून गाडी चालवण्याची तेव्हापासून सक्त मनाई होती. म्हणजे सगळी भिस्त हीटरवर.

त्या वर्षी डिसेंबरात पहिलं धुकं पडलं आणि शुक्रवारी सकाळी डॉक्टर दुकानात हजर.

"जाधव, हीटरला काय झालंय बघ. पंखा गुणगुणतो पण फुंकत नाही."

मी बटण दाबलं. पंखा गुणगुणला. काचेखालच्या फटीवर हात धरला तर हवा म्हणजे कुणी झोपेत श्वास सोडतंय इतकीच. बल्ब जोडलेली तपासणीची वायर लावली, बल्ब लख्ख पेटला, म्हणजे वीज पोचत होती. दोन्ही पाइप गरम, म्हणजे पाणीही फिरत होतं. वीज आहे, पाणी आहे, पंखा फिरतोय. तर दोष हवेच्या वाटेत, असा माझा हिशेब.

"साहेब, ही पेटी कुणी उघडली होती का?"

"पावसाळ्यात पाइप फुटला होता चौमूंच्या तोंडाशी. तिथल्या रामसहायनं बदलून दिला."

रामसहाय हा चौमूंच्या वेशीवरचा मिस्त्री. एका कडुलिंबाच्या झाडाखाली दुकान. ट्रॅक्टर, जीप, पाण्याचे पंप, जे येईल ते करायचा. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण गावातले मिस्त्री म्हटलं की माझं नाक आपोआप वर जायचं. फौजेच्या वर्कशॉपमध्ये शिकलेला माणूस मी. पेटीचं झाकण काढलं तर आत पाइपाच्या सांध्याला सुतळी गुंडाळलेली दिसली. झालं, मला गुन्हेगार सापडला.

"साहेब, यानंच वाट लावली आहे. पेटी नीट बसवलीच नाही. हवा भलतीकडेच जातेय."

डॅशबोर्डवर कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. उघडलं तर अर्धा कापलेला बटाटा.

"हे काय? भाजी करायची राहिली का?"

डॉक्टर जरा ओशाळले. "रामसहायनं दिलाय. काचेवर आतून चोळला की वाफ धरत नाही म्हणतो. काल त्यावरच पोचलो रे."

मी हसलो. जरा जास्तच हसलो. म्हणालो, "साहेब, तुम्ही डॉक्टर, मी फौजी, आणि आपण बटाट्यावर गाडी चालवायची?" आणि तो बटाटा मी दुकानासमोरच्या नालीत भिरकावून दिला.

मग पेटी खोलली, साफ केली, प्रत्येक फट नव्या रबरानं बंद केली, आणि घट्ट बसवली. पंखा लावला. हवा किंचित वाढल्यासारखी वाटली. वाटली म्हणतोय, कारण आता प्रामाणिकपणे सांगायचं तर वाढली नव्हती. पण मी इतकी मेहनत केली होती की ती वाढायलाच हवी होती. "गाडी चालेल तशी अजून सुधारेल," असंही म्हणालो. कारागिरानं असं म्हटलं की समजावं, त्याला काही कळलेलं नाही.

पुढच्या गुरुवारी धुकं दाट होतं. चौमूंच्या अलीकडे काच धुरकटली. डॉक्टर एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातानं रुमालानं काच पुसत होते. पुसलेल्या जागेतून त्यांना उंटगाडी दिसली ती अगदी पुढ्यात आल्यावर. त्यांनी गाडी डावीकडे घातली, ती रस्त्याकडेच्या वाळूत शिरली, बाभळीला टेकून थांबली. एक दिवा फुटला. डॉक्टरांच्या कपाळाला टेंगूळ आलं. उंटगाडीवाल्यानंच ढकलून त्यांना पुन्हा रस्त्यावर आणलं. आणि हा माणूस तसाच पुढं चौमूंला गेला आणि दुपारपर्यंत पेशंट तपासत बसला.

दिव्याबद्दल काकूंना काहीतरी थाप मारता आली असती, पण टेंगूळ लपवता येईना.

शनिवारी दोघंही दुकानात आली. डॉक्टर गाडीतच बसून राहिले. काकू उतरल्या. माझ्या लोखंडी खुर्चीवर बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "जाधव, मी भांडायला आलेले नाही. गाडीला गिऱ्हाईक आहे. शेजारचेच एकजण कधीपासून मागताहेत. मी ह्यांना सांगितलंय, पुढच्या गुरुवारी मी बरोबर येणार. चौमूंपर्यंत काच स्वच्छ राहिली तर गाडी राहील आणि चौमूंही राहील. नाही राहिली तर दोन्ही बंद. आणि ती ठीक आहे की नाही हे तुम्ही मला सांगायचं. ह्यांच्यावर माझा विश्वास नाही, तुमच्यावर आहे."

मी डॉक्टरांकडे बघितलं. फौजेत अनेकांना दरडावलेला तो माणूस शाळेतल्या पोरासारखा समोर बघत बसला होता. चौमूं गेलं की यांच्याजवळ काय उरणार, हे मला तेव्हा लख्ख दिसलं. सकाळचं वर्तमानपत्र आणि संध्याकाळचं फिरणं. मला फार वाईट वाटलं.

"सोडून जा साहेब," मी म्हणालो. "बुधवारपर्यंत देतो."

सोमवारी सकाळी मी ती पेटी पूर्ण बाहेर काढली आणि टेबलावर ठेवली. दुकानातली बॅटरी घेतली, पंख्याच्या दोन्ही वायरींना चिमटे लावले. दोन्ही वायरी इतक्या काजळल्या होत्या की मूळ रंग ओळखू येत नव्हते. चिमटे लावताच पंख्यानं असा जोर धरला की टेबलावरचं वर्तमानपत्र उडून शेजारच्या रेडिएटरवाल्याकडे गेलं. मी टाळी वाजवायचाच बाकी होतो. म्हणजे पंखा उत्तम. सगळं परत गाडीत बसवलं, बटण दाबलं. पुन्हा तोच झोपेतला श्वास.

आता रामसहायलाही शिव्या देता येईनात, कारण त्याची सुतळी मी केव्हाच काढून टाकली होती.

मंगळवारी पुन्हा पेटी बाहेर काढली. पुन्हा टेबल, पुन्हा चिमटे. आणि यावेळी टेबलावरसुद्धा पंखा नुसता गुणगुणला. हवा नाही. कागद जागचा हलला नाही. तीच मोटर, तीच बॅटरी, तोच मी. काल वादळ आणि आज काहीच नाही! अशा वेळी दोनच शक्यता असतात. एकतर भूत, नाहीतर आपण. मी चहा मागवला. चहा पिता पिता चिमट्यांकडे बघत बसलो. काल कुठला चिमटा कुठल्या वायरीला होता? आठवेना. उठलो आणि सहज दोन्ही चिमट्यांची अदलाबदल केली.

चहाचा ग्लास ज्या कागदावर होता, तो कागद ग्लासासकट सरकला.

मी पंखा बंद केला, पात्यावर खडूनं खूण केली आणि बोटानं हळूच फिरवून बघितलं. हा पंखा म्हणजे खारीच्या पिंजऱ्यासारखा गोल. त्याची पाती एका बाजूला वाकलेली असतात. सुलटा फिरला तर हवा फेकतो. उलटा फिरला तर फिरतो, आवाज करतो, वीज खातो, पण हवा घुसळत बसतो. डॉक्टरांच्या गाडीतला पंखा उलटा फिरत होता. आणि तो उलटा कुणी केला हे मला त्याच क्षणी कळलं. कान गरम झाले.

गेल्या मे महिन्यात त्याच गाडीचा डायनमो जळाला होता. तसा डायनमो जयपुरात मिळेना. मी शक्कल लढवली आणि नव्या गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे नव्या पद्धतीचा डायनमो, बसवला. पण एक भानगड होती. त्या काळच्या जुन्या इंग्लिश गाड्यांत बॅटरीची अधिक बाजू गाडीच्या पत्र्याला जोडलेली असायची. नव्या गाड्यांत उणे बाजू. त्यामुळे मी अख्ख्या गाडीची वीज उलटी केली. बॅटरी फिरवली, कॉइलच्या वायरी बदलल्या, अँपिअरचा काटा उलटा फिरू नये म्हणून त्याच्याही बदलल्या, रेडिओ जळू नये म्हणून काढून ठेवला. दिव्यांना आणि हॉर्नला उलटसुलट काही फरक पडत नाही. त्या गाडीची वायपरची मोटर अशा जातीची की वीज कशीही द्या, ती सुलटीच फिरते. मी सगळं तपासलं, चार दिवस या कामाची शेखी मिरवली. फक्त एक गोष्ट तपासली नाही. जयपूरच्या मे महिन्यात, पत्र्याच्या शेडखाली, अंगातून घामाच्या धारा वाहत असताना, हीटरचा पंखा लावून बघायचं कुणाच्या डोक्यात येईल? त्या पंख्याच्या मोटरमध्ये लोहचुंबक होता. तो वीज उलटली की इमानदारीनं उलटा फिरतो.

सात महिने तो पंखा माझी चूक घेऊन गप्प बसला होता, आणि मी बोट दाखवत होतो रामसहायकडे.

दुरुस्ती म्हणजे दोन वायरींची अदलाबदल. दोन मिनिटं लागली. पंखा गाडीत बसवला, इंजिन तापवलं, काचेवर मुद्दाम तोंडानं वाफ सोडली. ती बघता बघता विरली. एवढं गोड काम आयुष्यात थोडं केलं असेन, आणि एवढी लाजही थोड्याच वेळा वाटली.

दुपारी जेवताना घरात सांगितलं. आमच्या मंडळींनी ऐकून घेतलं, ताटात भाकरी वाढली आणि विचारलं, "म्हणजे तुम्हीच बिघडवला, तुम्हीच दुरुस्त केला?"

"हो."

"आणि तो चौमूंचा माणूस?"

"त्याचं काय?"

"डॉक्टर त्याला बोलले असतील ना, तुमच्या सांगण्यावरून?"

मी भाकरी मोडत राहिलो. "सांगतो डॉक्टरांना," म्हणालो.

बुधवारी गाडी द्यायला गेलो, तेव्हा सांगितलं नाही. काकूंनी विचारलं, "काय झालं होतं?" मी म्हणालो, "पंख्यात दोष होता. निघाला." खोटं नव्हतं. पण सातवी-आठवीतल्या पोरानं द्यावं तसं उत्तर होतं ते. काकूंनी बेसनाचे लाडू पुढं केले. मी दोन खाल्ले. त्यांनी मला म्हटलं, "उद्या तुम्हीही चला. तुम्ही असलात की मला बरं वाटेल."

गुरुवारी सकाळी सहा वाजता आम्ही तिघं निघालो. डॉक्टर चालवत होते, शेजारी काकू, मागे औषधांच्या पेट्यांमध्ये मी. झोटवाडा मागे पडला आणि धुकं गाडीच्या अंगावर आलं. समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे पिवळे डाग होऊन यायचे. आत मात्र काच आरशासारखी. काकूंनी थोड्या वेळानं शाल खांद्यावरून काढून मांडीवर घेतली. मग चपलांतून पाय काढून ते गरम हवेपुढे धरले.

"अहो, छान वाटतंय की," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. मला आरशात डॉक्टरांच्या मिशा दिसत होत्या आणि त्या हसत होत्या. माझा ऊर भरून आला होता. म्हटलं, राहिलं चौमूं. आता कशाला जुनं उकरा?

वेशीवरचं लिंबाचं झाड दिसलं आणि काकू एकदम ताठ बसल्या. "थांबवा गाडी. तो मिस्त्री इथलाच ना? मला त्याला दोन शब्द सुनवायचेत. ह्याच्या निष्काळजीपणानं गेल्या आठवड्यात माणूस गेला असता."

डॉक्टर म्हणाले, "मी मागच्याच गुरुवारी बोललोय त्याला. पुरे."

"तुम्ही बोललात, मी नाही."

गाडी थांबली. रामसहाय शेकोटीशी बसला होता. साठीचा, बारीक अंगाचा माणूस, डोक्याला मळकं फडकं. डॉक्टरांची गाडी बघून तो उठला, पण पुढं आला नाही. हात जोडून जिथं होता तिथंच उभा राहिला. एरवी तो धावत येऊन रेडिएटरचं पाणी बघायचा, हे डॉक्टरांनीच मला सांगितलं होतं. तो तसा लांब उभा राहिलेला बघितला आणि मला बसवेना. काकू दार उघडत होत्या. मी त्यांच्या आधी उतरलो.

"रामसहायजी," मी म्हणालो, "मैं झोटवाडे वाला इलेक्ट्रिशियन. पंखा आपने नहीं बिगाडा. मैंने बिगाडा था. मई में. और नाम आपका लगाया."

नंतर काकूंकडे वळून मराठीत सगळं सांगितलं. डायनमो, उलटी केलेली वीज, मे महिना. बटाटासुद्धा सांगितला, नालीत फेकलेला. तोंडातून शब्द भराभर येत होते आणि थंडीत मला घाम फुटला होता. डॉक्टर काच खाली करून ऐकत होते. काकू दार धरून उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना. तुमच्यावर माझा विश्वास आहे, असं म्हणाल्या होत्या मला. तो गेला, आणि त्याच्याबरोबर गाडी आणि गुरुवारही गेला, असं मी धरून चाललो.

काकूंनी गाडीचं दार लावून घेतलं. त्या रामसहायकडे गेल्या आणि आपल्या पुणेरी हिंदीत म्हणाल्या, "भैया, हमने आपको गलत समझा. अब आप ही देखके बताओ. यह गाडी ठीक है क्या? आप बोलोगे तो रखेंगे, नहीं तो बेच देंगे."

म्हणजे निवाडा त्याच्या हातात. मी ज्याच्या माथी खापर फोडलं, त्याच्या.

रामसहायनं हात फडक्याला पुसले. गाडीत डोकं घातलं. बटण दाबलं, बंद केलं, पुन्हा दाबलं. काचेखालच्या फटीवर तळहात धरला, मग उलटा हात धरला. कान लावून पंख्याचा आवाज ऐकला. फौजेत मला शिकवणारे उस्ताद असेच ऐकायचे. मी वर्कशॉपमधल्या मोठमोठ्या तपासण्या निभावल्या आहेत, पण इतका घाबरून कधी उभा राहिलो नव्हतो. डॉक्टर स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होते.

रामसहाय बाहेर आला. झाडाखालच्या आपल्या खोक्याकडे गेला, एक बटाटा काढला, चाकूनं त्याचे दोन भाग केले, आणि परत येऊन त्या लख्ख काचेवर आतून अर्धा बटाटा चोळायला लागला. वरपासून खालपर्यंत, सावकाश. काकूंचा चेहरा उतरला.

"मतलब, ठीक नहीं है?"

"गाडी तो चोखी छै, माताजी," रामसहाय म्हणाला. "खूब चलाओ. आलू तो उस्तादजी के लिए है."

आधी डॉक्टर हसले. ते इतके हसले की त्यांचा हात हॉर्नवर पडला आणि शेकोटीवरची माणसं दचकून उठली. मग काकू. मग मीही, डोळे पुसत. रामसहाय तेवढा हसला नाही; त्यानं सगळी काच नीट चोळून पुरी केली.

डॉक्टर त्यानंतर चार हिवाळे चौमूंला गेले. पुढं नजर मंदावली तेव्हा त्यांनी स्वतःच गाडी चालवणं सोडलं, आणि मुलाकडे पुण्याला गेले. त्या चारही वर्षी पहिल्या धुक्याच्या गुरुवारी, परत येताना त्यांची गाडी माझ्या दुकानासमोर थांबायची आणि खिडकीतून कागदात गुंडाळलेला एक बटाटा बाहेर यायचा. "रामसहायनं दिलाय," एवढंच म्हणायचे. मी तो घरी न्यायचो. मीही तेव्हापासून गाडीची वीज उलटी केली की भर मे महिन्यात हीटर लावून बघायचो. गिऱ्हाईकं घामाघूम होऊन मला वेड्यात काढायची.

डॉक्टर पुण्याला गेले त्या वर्षीचा डिसेंबर आला. पहिलं धुकं पडलं. गुरुवार होता, आणि दुपारपर्यंत मी उगीच रस्त्याकडे बघत होतो. जेवायला उठणार तोच चौमूंची बस समोर थांबली आणि डोक्याला मळकं फडकं बांधलेला एक म्हातारा सावकाश खाली उतरला. तो माझ्या दुकानात याआधी कधी आला नव्हता. इकडेतिकडे बघत आत आला, माझ्या लोखंडी खुर्चीवर बसला आणि त्यानं खिशातून बटाटा काढून टेबलावर ठेवला.

"डॉक्टरसाब तो गया," तो म्हणाला. "म्हूँ सोच्यो, उस्तादजी ने कुण संभाळसी?" म्हणजे, आता उस्तादजींना कोण सांभाळणार?

मी त्याला जेवायला घरी घेऊन गेलो. भाजी बटाट्याचीच होती.